कूपनलिकेच्या पाण्यातील सोमल

सोमल हे विष आहे हे खेड्यांतील आबालवृद्धांस ठाऊक आहे. परंतु विष पोटात जाताच मनुष्य दगावतो, ही समजूत पिण्याच्या पाण्यातील सोमलाच्या, म्हणजेच आर्सेनिकच्या बाबतीत फसवी ठरते. असे पाणी नितळ दिसते. त्याला वास नसतो, चवही नसते. अपाय होतो तो वर्षांनुवर्षे, शरीरातील सूक्ष्म पेशींच्या आत.

बंगालमध्ये तळ्यांच्या पाण्याने पटकी व हगवण होई, म्हणून घरोघर उथळ कूपनलिका बसविण्यात आल्या. हेतू उत्तम होता. मात्र तेथील गाळात लोहाच्या कणांना चिकटलेला सोमल भूगर्भातील प्राणवायूविरहित थरांत सुटा होऊन पाण्यात उतरत होता. १९८३ साली कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी अंगावरील ठिपके व तळहातांवरील कठीण गाठी यांचे मूळ या पाण्यात असल्याचे ओळखले.

पेशीतील जनुकांची रोज थोडीफार मोडतोड होतच असते. शेताचा बांध पावसाने खचावा आणि गड्याने तो लगोलग लिंपावा, त्याप्रमाणे पेशीतील काही प्रथिने ती मोडतोड दुरुस्त करतात. यांतील कित्येक प्रथिनांना जस्ताची गरज असते. सोमल त्या जस्ताची जागा बळकावतो आणि गड्याचे हातच बांधले जातात. न लिंपलेली भगदाडे साचत जाऊन पुढे कर्करोग उद्भवू शकतो. शिवाय कोणते जनुक केव्हा चालावे, हे ठरविणाऱ्या रासायनिक खुणांतही सोमलामुळे फेरफार होतात.

या क्रियेस किती काळ लागतो, हे चिली देशातील आंतोफागास्ता शहराने दाखविले. तेथे १९५८ ते १९७० या काळात लिटरमागे सुमारे ८६० मायक्रोग्रॅम सोमल असलेले पाणी पुरविले गेले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अवघी १० मायक्रोग्रॅम आहे. पाणी शुद्ध केल्यावरही फुप्फुस व मूत्राशय यांच्या कर्करोगाचे प्रमाण कित्येक दशके चढे राहिले. त्या काळी जे गर्भात होते, तेही यातून सुटले नाहीत.

एकाच घागरीचे पाणी पिणाऱ्या दोघांपैकी एकालाच डाग येतात, यालाही कारण आहे. सोमलाचे रूपांतर करून तो लघवीवाटे बाहेर टाकण्याची शक्ती जनुकांनुसार कमीअधिक असते. बंगालमध्ये अशा रुग्णांना महारोगी समजून दूर लोटले गेले, लेकींची लग्ने अडली. ग्रामसेवकांनी हे निक्षून सांगावे की हा विकार स्पर्शाने पसरत नाही.

आपल्या गडचिरोलीच्या शेजारी, छत्तीसगडातील कौडीकसा गावी, विहिरींच्या पाण्यात सोमल सापडला आहे. तेव्हा हा विषय दूरचा नव्हे. पाणी उकळून सोमल जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. शेजारची विहीर चांगली निघाली म्हणून आपलीही चांगली असेल, असे धरून चालू नये. प्रत्येक विहिरीचा नमुना प्रयोगशाळेत तपासावा. बांगलादेशात तपासणीनंतर दूषित नळांना तांबडा व निर्धोक नळांना हिरवा रंग दिला गेला. तांबड्या नळाचे पाणी कपडे धुण्यास चालते. पिण्यास वा भात शिजविण्यास वापरू नये. पालेभाज्या व डाळी यांतील फोलेट शरीरातून सोमल बाहेर टाकण्यास साहाय्य करते, परंतु ते निर्धोक पाण्याची जागा घेऊ शकत नाही.