कायमचा पत्ता

ढाक्यातल्या मोहम्मदपूर भागात फिरताना मुघलांचा अर्धाअधिक इतिहास पायाखालून जातो. बाबर रोड, हुमायून रोड, शाहजहान रोड, औरंगजेब रोड. नूरजहानच्या नावाचा रस्ता आहे आणि ताजमहालच्याही. पाकिस्तानच्या काळात भारतातून आलेल्या उर्दूभाषक मुहाजिरांसाठी ही वसाहत उभी राहिली. नव्या मुलखात निदान पाट्या तरी ओळखीच्या असाव्यात, असा कुणाचा तरी विचार असावा. याच रस्त्यांच्या कुशीत जिनिव्हा कॅम्प आहे. संध्याकाळी त्याच्या तोंडाशी चाप आणि कबाबांचा धूर उठतो, शहरभरातले खवय्ये येतात, उभ्याउभ्या खातात आणि बाहेरच्या बाहेर परततात.

आतल्या गल्ल्यांमध्ये समोरून माणूस आला की खांदा तिरपा करून वाट द्यावी लागते. डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं, पायाशी उघडं गटार. खोली साधारण आठ फूट बाय आठ किंवा दहा फुटांची, आणि तीत सात-आठ माणसं. खाट विटांवर चढवायची म्हणजे खाली आणखी दोघं झोपू शकतात. दिवसा त्याच जागेत करचुपीची चौकट मांडली जाते. करचुपी म्हणजे आपल्याकडची जरदोजी. लाकडी चौकटीवर ओढणी ताणून बसवतात आणि बायका-मुली दोन्ही बाजूंनी मांडी घालून तीवर जर आणि टिकल्या टाचत राहतात. जेवायची वेळ झाली की चौकट भिंतीला टेकवायची, मग ताटं मांडायची.

अशा जागी पाहणी करायला जाणाऱ्याची पहिली पंचाईत मोजण्याचीच होते. मुलाचं लग्न झालं की पत्रा किंवा पडदा लावून खोलीचे दोन भाग होतात आणि दोन चुली पेटतात. मग घर एक धरायचं की दोन? जागा आडवी वाढत नाही म्हणून कॅम्प उभा वाढला. एका खोलीवर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि वर जायला शिडीवजा लोखंडी जिना. जिनिव्हा कॅम्पची लोकसंख्या कुणी पंचवीस हजार सांगतं, कुणी चाळीस हजार. देशभराचा त्यातल्या त्यात धड आकडा २००६च्या पाहणीतून आला : ११६ वस्त्या आणि त्यांत सुमारे दीड लाख माणसं. ढाक्यात मोहम्मदपूर आणि मिरपूर, उत्तरेला रेल्वेचं गाव सैदपूर, शिवाय खुलना, चितगाव, रंगपूर. कॅम्पाबाहेर राहणारे उर्दूभाषक वेगळेच.

बांगलादेशात त्यांना सरसकट ‘बिहारी’ म्हणतात. पुष्कळांचे आजे-पणजे खरोखरच बिहारचे. १९४६च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या दंगलींनी तिथल्या मुसलमानांच्या मनात जी धडकी भरवली, ती फाळणीनंतर त्यांना पूर्व पाकिस्तानात घेऊन गेली. बरेच जण रेल्वेत लागले. सैदपूरला ब्रिटिशांनी १८७० मध्ये उभारलेला रेल्वे कारखाना होता, तिथे हाताला कसब असलेली माणसं हवीच होती. बनारसहून आलेल्या विणकरांनी मिरपुरात माग मांडले. मिरपूरची काटान साडी आजही ढाक्यात लग्नाच्या बस्त्यात असते. पण नवं राज्य उर्दूवाल्यांना झुकतं माप देत होतं आणि १९५२ मध्ये बंगाली मुलांनी भाषेसाठी गोळ्या खाल्ल्या होत्या. शेजाऱ्याची भाषा आणि सरकारची भाषा एकच असली की शेजारीही सरकारी वाटू लागतो.

१९७१ची गोष्ट एका बाजूने सांगता येत नाही. मार्चमध्ये चितगाव, खुलना, सांताहार इथे बिहाऱ्यांच्या कत्तली झाल्या. पुढच्या महिन्यांत पाकिस्तानी लष्कराच्या जोडीने रझाकार या सहायक दलात वावरणाऱ्यांत बिहारीही होते. १३ जून १९७१ रोजी सैदपूरच्या मारवाडी हिंदूंना भारतात सोडतो म्हणून आगगाडीत बसवलं आणि गोलाहाटजवळ गाडी थांबवून कापून काढलं; त्यात लष्कराबरोबर स्थानिक बिहाऱ्यांचे हात होते. १६ डिसेंबरला ढाका मुक्त झालं तरी मिरपूर ३१ जानेवारी १९७२ पर्यंत हाती आलं नव्हतं. आदल्याच दिवशी, हरवलेल्या भावाला शोधायला तिकडे गेलेले चित्रपट दिग्दर्शक झहीर रायहान परत आले नाहीत. यात ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्या बिहारी कुटुंबांनाही सुडाची झळ बसली. घरं ‘सोडून दिलेली मालमत्ता’ ठरून सरकारजमा झाली आणि माणसं मोकळ्या मैदानांवर, शाळांमध्ये गोळा झाली. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने त्यांच्यासाठी छावण्या उभारल्या. संस्थेचं मुख्यालय जिनिव्हाचं, म्हणून जिनिव्हा कॅम्प.

मग आला तो कागद. कुठे जायचंय, असं रेड क्रॉसने विचारलं. पाच लाखांहून अधिक लोकांनी ‘पाकिस्तान’ म्हणून नाव नोंदवलं. घर गेलेलं, बाहेर जीव सुरक्षित नाही. अशा वेळी दिलेल्या उत्तराला राष्ट्रनिष्ठा म्हणायचं की घाबरलेल्या माणसाने धरलेला दरवाजा, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण पुढची पस्तीस वर्षं ते उत्तर त्यांच्याविरुद्ध वापरलं गेलं. खरं तर १९७२च्या नागरिकत्व आदेशानुसार २५ मार्च १९७१ रोजी बांगलादेशाच्या भूमीवर राहत असलेला आणि पुढेही राहिलेला माणूस नागरिकच होता. परदेशाशी निष्ठा बाळगणारे तेवढे वगळले होते. सरकारने त्या कागदाकडे बोट दाखवलं, आणि झालं.

पाकिस्तानने माणसं परत घेण्यासंबंधीच्या १९७३च्या दिल्ली करारानंतर निवडून निवडून माणसं घेतली. मूळचे पश्चिम पाकिस्तानचे रहिवासी, केंद्र सरकारचे नोकर, ताटातूट झालेली कुटुंबं आणि हलाखीत असलेले पंचवीस हजार. सगळे मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास गेले. उरलेल्यांना बंगालीत नाव पडलं ‘आटके पडा पाकिस्तानी’, अडकून पडलेले पाकिस्तानी. १९९३ मध्ये नवाझ शरीफ यांच्या काळात सव्वातीनशे जणांना विमानाने नेऊन पंजाबात वसवलं आणि मग तोही नळ बंद झाला. उलट बाजूला कराचीच्या मच्छर कॉलनीत बंगालीभाषक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ओळखपत्रावाचून मासे आणि कोळंबी सोलत बसली आहेत. एकाच फाळणीची दोन टोकं, दोन्हीकडे तोच दाखला नाही.

कॅम्पात वाढलेल्या पोरांनी पाकिस्तान कधी पाहिलाच नव्हता. त्यांची भाषा घरात उर्दू-भोजपुरीची खिचडी, रस्त्यावर अस्सल ढाकाई बंगाली. त्यांच्यापैकी दहा जणांनी मतदार यादीत नाव घाला म्हणून उच्च न्यायालयात दाद मागितली. २००३ मध्ये आबिद खान खटल्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण तो दहा जणांपुरताच मानला गेला. १८ मे २००८ रोजी सदाकत खान खटल्यात न्यायालयाने साऱ्या उर्दूभाषकांना नागरिक ठरवून मतदार यादी आणि ओळखपत्र द्यायला सांगितलं. निवडणूक आयोगाचे लोक यंत्रं घेऊन कॅम्पात आले, आणि सुमारे ऐंशी टक्के प्रौढांनी नावं नोंदवली. जगाच्या दफ्तरातून एक राज्यविहीन जमात कमी झाली.

खोल्या मात्र तेवढ्याच राहिल्या. इथेच पाहणी करणाऱ्यांचं काम खऱ्या अर्थाने सुरू होतं, कारण कायद्याने सुटलेला माणूस पत्त्यावर अडकतो. बांगलादेशातल्या अर्जांत दोन रकाने असतात, सध्याचा पत्ता आणि स्थायी पत्ता. ओळखपत्रावर कॅम्पाचं नाव छापलेलं. २०२५च्या सुरुवातीपर्यंत पासपोर्ट काढायला गेलं की पोलीस चौकशीत तोच पत्ता आडवा यायचा. नोकरीत, दुकानासाठी परवाना काढताना तीच गत. कॅम्पाची जमीन सरकारी किंवा दुसऱ्याच कुणाची, त्यामुळे पन्नास वर्षं राहूनही राहणाऱ्याच्या नावाचा सातबारा म्हणावा असा कागद नाही. उल्हासनगरमध्ये ‘कॅम्प नंबर ३’ हा पत्ता सिंधी कुटुंबांनी रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत बिनदिक्कत छापला आणि कुणाची भुवई वर गेली नाही. कारण तिथे छावणीच पुढे गाव झाली. ढाक्यात छावणी छावणीच राहिली.

जमिनीचा हा अधांतर जिवावरही उठतो. २०१४च्या जूनमध्ये शब-ए-बारातच्या रात्रीनंतर मिरपूरच्या कालशीत फटाक्यांवरून वाद पेटला. नऊ जण घरात जळून मेले, एक गोळी लागून. फटाके हे निमित्त, डोळा जागेवर होता, असं तिथले रहिवासी सांगत राहिले. विजेचंही तसंच. पूर्वी कॅम्पाचं बिल सरकार भरायचं. नागरिक झालात तर बिलही भरा, असा सूर पुढे लागला. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये जिनिव्हा कॅम्पात विजेवरूनच लोक आणि पोलीस एकमेकांना भिडले.

कॅम्पातल्याच काही तरुणांनी आता कायद्याचं जुजबी शिक्षण घेऊन टेबलं थाटली आहेत. जन्मनोंदी भरायच्या, ओळखपत्रातली नावं दुरुस्त करायची, कार्यालयात अर्जदाराबरोबर जायचं. कोणता अर्ज कुठल्या टेबलावर अडला, याच्या ते नोंदी ठेवतात. घाईत येऊन जाणाऱ्या पाहणी-पथकांना न सापडणारा तपशील या वह्यांमध्ये सापडतो.

ज्याला आखाती देशात नोकरीला जायचंय, तो मात्र वाट पाहत बसत नाही. तो कॅम्पाबाहेर महिन्या-दोन महिन्यांसाठी खोली भाड्याने घेतो किंवा एखाद्या बंगाली मित्राला गळ घालतो. मग पत्त्याच्या रकान्यात त्या मित्राच्या इमारतीचा नंबर पडतो आणि त्यापुढे, आजोबांच्या पिढीसाठी आखलेल्या वसाहतीतलंच नाव, हुमायून रोड.