शब्दाचे मूळ घर

मुलांनो, उर्दूच्या तासाला इमला लिहिताना तुम्ही कधी अडखळला आहात का? 'असर', 'सबक' आणि 'सब्र' हे तीन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. तिन्हींत 'स' हा एकच आवाज ऐकू येतो. पण लिहिताना पहिल्या शब्दात 'से', दुसऱ्यात 'सीन' आणि तिसऱ्यात 'स्वाद' लिहावा लागतो. असे का? हे शब्द मूळचे अरबी आहेत. अरबीत या तीन अक्षरांचे उच्चार वेगवेगळे आहेत. उर्दूत आल्यावर उच्चार एक झाला, पण लेखन तसेच राहिले.

इंग्रजीतही असेच घडले आहे. 'फॅन' या शब्दात 'एफ' हे अक्षर येते, तर 'फोटो' या शब्दात 'पी' आणि 'एच' ही अक्षरे येतात, कारण 'फोटो' मूळचा ग्रीक आहे. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, अरबी अशा कितीतरी भाषांतून इंग्रजीत शब्द आले. त्यामुळे नुसते ऐकून स्पेलिंग सांगणे कठीण असते. म्हणूनच अमेरिकेत स्पेलिंगची मोठी राष्ट्रीय स्पर्धा भरते. तिला 'स्पेलिंग बी' म्हणतात.

आपल्या खेड्यांत 'इर्जिक' नावाची पद्धत आहे. शेतकरी एकत्र जमून एकमेकांच्या शेतातील काम करतात. अमेरिकेतही शेजारी मिळून मक्याची कणसे सोलत किंवा गोधड्या शिवत. अशा जमण्याला तिकडे 'बी' म्हणत. स्पेलिंगसाठी जमायचे, म्हणून 'स्पेलिंग बी'.

ही राष्ट्रीय स्पर्धा १९२५ साली सुरू झाली. नऊ वर्तमानपत्रांनी ती भरवली होती. अंतिम फेरी वॉशिंग्टन शहरात झाली. अकरा वर्षांचा फ्रँक न्यूहाउझर हा पहिला विजेता ठरला. त्याचा शेवटचा शब्द होता 'ग्लॅडिओलस', म्हणजे एक फूल. पुढे दुसऱ्या महायुद्धामुळे १९४३ ते १९४५ या काळात आणि कोरोनाच्या साथीमुळे २०२० साली स्पर्धा झाली नाही. १९८५ साली बालू नटराजन हा मुलगा जिंकला. भारतीय वंशाचा तो पहिला विजेता होय. १९९९ पासून २०२५ पर्यंत तर बहुतेक वर्षी भारतीय वंशाची मुलेच विजयी झाली.

स्पर्धेची रीत सोपी आहे. स्पर्धक एकटा ध्वनिक्षेपकासमोर उभा राहतो. परीक्षक एक शब्द उच्चारतात. स्पर्धकाने त्याची अक्षरे क्रमाने सांगायची. चूक झाली की घंटी वाजते. मात्र उत्तर देण्यापूर्वी त्याला प्रश्न विचारता येतात: या शब्दाचा अर्थ काय? तो कोणत्या भाषेतून आला? तो वाक्यात कसा वापरतात? शब्दाचे मूळ घर कळले की अनोळखी शब्दाचेही स्पेलिंग पुष्कळदा जुळवता येते. म्हणून ही स्पर्धा केवळ पाठांतराची नाही.

आता फैजान झाकी या मुलाची हकिकत ऐका. २०२४ साली तो अंतिम फेरीत हरला आणि दुसरा आला. २०२५ साली तो पुन्हा उतरला. शेवटी तीनच स्पर्धक उरले. दुसऱ्या दोघांची चूक झाली. आता फैजानने दोन शब्द बरोबर सांगितले असते तर तो जिंकला असता. शब्द आला, 'कमेलिना'. फैजानने घाई केली. काही न विचारता त्याने 'के, ए, एम' अशी अक्षरे भराभर म्हटली. तो शब्द तर 'सी' या अक्षराने सुरू होतो! घंटी वाजली. तिघांचीही चूक झाल्यामुळे, नियमाप्रमाणे तिघेही पुन्हा स्पर्धेत आले. हातातला विजय निसटला होता. पण फैजान डगमगला नाही. त्याने पुढचे शब्द बरोबर सांगितले आणि अखेर तोच विजेता ठरला.

गंमत पाहा, 'कमेलिना' ही काही परकी गोष्ट नाही. हे एका वनस्पतीगटाचे शास्त्रीय नाव आहे. त्याच गटातील एक वनस्पती पावसाळ्यात आपल्या शेतांत उगवते. मराठीत तिला 'केना' म्हणतात.

मुलांनो, तुम्ही उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकता. मराठीत 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. अर्थ कळल्याशिवाय ऱ्हस्व लिहावे की दीर्घ, हे कसे ठरवणार? म्हणून शब्द अडला तर घाई करू नका. त्याचा अर्थ विचारा, त्याचे मूळ घर विचारा. 'जमीन', 'हुकूम', 'इमारत' या मराठी शब्दांचे घर विचाराल, तर ते शब्द तुमच्या चांगल्याच ओळखीचे निघतील.