हिरवं पाणी उकळलं तरी पिऊ नका

उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी झालं की धुणं, जनावरं, पोरांचं पोहणं सगळं नदी-तळ्यावर जातं. नेमकं तेव्हाच पंचगंगेवर जलपर्णी पसरते, रंकाळ्याच्या पाण्यावर हिरवा तवंग येतो.

याचं मूळ स्फुरदात आहे. पिकाला खतातून देतात तोच हा स्फुरद. मैला, लघवी, काही धुण्याच्या पावडरी आणि शेतातून वाहून आलेलं खत यांतून तो पाण्यात येतो. कोल्हापुरात जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून सांडपाणी नदीत गेलं की त्याबरोबर स्फुरदही जातो. शेवाळाला आणि जलपर्णीला तेच खत.

मग नाले बंद केले की पाणी लगेच सुधारेल का? नाही. बराच स्फुरद तळाच्या गाळात साठलेला असतो. पाण्यात प्राणवायू असतो तोवर गाळातलं लोह त्याला धरून ठेवतं. उन्हाळ्यात पाणी साचतं, तळाला घाण कुजते, प्राणवायू संपतो. मग लोहाची पकड सुटते आणि जुना स्फुरद पुन्हा वर येतो. असं वर्षानुवर्षं चालतं.

आता तब्येतीचं. सांडपाण्यातून काविळीचे जंतू येतात. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. अशी कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. हे जंतू पाणी खळखळ उकळल्यानं मरतात. हिरव्या तवंगाचं तसं नाही. काही शेवाळं विष तयार करतात. ते उकळून जात नाही, उलट शेवाळाच्या पेशी फुटून विष पाण्यात उतरतं. फडक्यानं गाळूनही ते निघत नाही. त्यानं अंगाला खाज सुटते, उलट्या-जुलाब होतात, यकृताला इजा होते. कुठलं शेवाळ विषारी हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून असं पाणी पिण्याला, स्वयंपाकाला घेऊ नका. पोरांना त्यात उतरू देऊ नका, जनावरांना पाजू नका. अंगाला लागलंच तर स्वच्छ पाण्यानं लगेच धुवा. मासे मरून वर आले तर ते घरी आणू नका.

वस्तीच्या बैठकीत नगरसेवकांकडे तीन गोष्टी मागा: नाल्याचं पाणी प्रक्रियेशिवाय सोडू नये, पाण्याबरोबर गाळातला स्फुरदही तपासावा, काढलेली जलपर्णी आणि गाळ काठावर न टाकता दूर न्यावा. काठावर कुजलेली जलपर्णी पहिल्या पावसात पुन्हा पाण्यातच जाते. पाणी उकळणं आपल्या हातात आहे, पण गाळ काढणं हे महापालिकेचं काम आहे. ते मागून घ्या.