चिकलठाणा ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. त्या काळी बोटीने तिकडे जायला कित्येक आठवडे लागत. बाबासाहेबांनी नागसेनवनात उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला आज तोच प्रवास विमानाने दीड-दोन दिवसांत करता येतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे आपली मुलेमुली परदेशी जाऊ लागली आहेत. पण पुष्कळ घरांतून पूर्वी कोणी विमानात बसलेले नसते. म्हणून या प्रवासाचा हिशेब आम्ही येथे मांडीत आहोत.

चिकलठाणा विमानतळाहून न्यूयॉर्कला थेट विमान नाही. मुंबईपर्यंतचे हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर, उड्डाण तासाभराचे. मुंबई ते न्यूयॉर्कचे केनेडी विमानतळ हे अंतर मात्र सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. भिंतीवरील नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागरावरून जाते. पण पृथ्वी गोल आहे. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. तो रशिया व उत्तर युरोपवरून ग्रीनलँडच्या बाजूने जाईल. जवळची वाट तीच.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर १४ तासांत संपायला हवे. प्रत्यक्षात न थांबता जायलाही १६ तासांच्या आसपास लागतात. कारण वरच्या हवेतील जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि जाताना ते समोरून येतात. येताना तेच वारे पाठीशी असल्याने तास-दीड तास वाचतो. कधी राजकारणही आडवे येते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा घ्यावा लागला.

आता घड्याळ. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. आपली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, न्यूयॉर्कची ७५ अंश पश्चिमेची. बेरीज १५७.५ अंश, भागिले १५, म्हणजे साडेदहा तास. मार्च ते नोव्हेंबर तेथील घड्याळे एक तास पुढे असतात, तेव्हा फरक साडेनऊ तासांचा. ऑगस्टमध्ये मुंबईहून रात्री १ वाजता निघालेले विमान १६ तासांनी उतरते, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ५ आणि तेथे त्याच दिवशीची सकाळचे साडेसात वाजलेले असतात. तिकिटावर प्रवास साडेसहा तासांचा भासतो, तो असा!

विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. रात्री १ चे विमान म्हणजे आदल्या रात्रीच विमानतळावर हजर राहणे, तेही तीन तास आधी. मुंबईची दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर सामान स्वतः घेऊन पुन्हा द्यावे लागते. म्हणून मध्ये पाच-सहा तास मोकळे असू द्यावेत. कष्टाने मिळविलेला प्रवेश तारखेच्या घोटाळ्याने हुकू नये, हीच आमची कळकळ आहे.