रानपिंगळा आणि खोटी चिठ्ठी

बार्शीटाकळीत पाखरांचा विषय निघाला की लोकांना आधी काटेपूर्णा धरणावरचे पाणपक्षी आठवतात. मला मात्र अकोटच्या पुढे, मेळघाटच्या सागवानात राहणाऱ्या वीतभर उंचीच्या रानपिंगळ्याची गोष्ट सांगायची आहे. ११३ वर्षं हा पक्षी जगाला सापडत नव्हता, आणि त्यात एका चोराचाही हात होता.

१८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडात याचा पहिला नमुना मिळाला. पुढच्या वर्षी पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी त्याला ब्लेविट यांचंच नाव दिलं. त्यानंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी काही पक्षी मिळवले. १८८४ नंतर मात्र सगळं थांबलं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून उरली ती पेंढा भरलेली सात कातडी.

त्यांतल्या एका कातड्याला रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नावाजलेल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची चिठ्ठी होती: १९१४, मांडवी, गुजरात. एवढ्या मोठ्या माणसावर शंका कोण घेणार? सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणत्यांनी शोध घेतला, तोही व्यर्थ गेला. शोधाच्या नकाशात ही खोटी नोंद बसलेली होती.

अमेरिकी अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी ते कातडं बारकाईने तपासलं, एक्स-रे काढला. जुनं कातडं उसवून नव्याने भरलं होतं, आणि आतल्या खुणा डेव्हिडसन यांच्या हातच्या होत्या. म्हणजे माइनर्ट्‌झहागेनने ब्रिटिश संग्रहालयातला खानदेशातला नमुना पळवून त्याला स्वतःची चिठ्ठी बांधली होती! मला या प्रकरणातली सर्वांत संतापजनक गोष्ट हीच वाटते. चोरी एका कातड्याची झाली, पण दिशाभूल झाली ती एका जिवंत जातीला शोधणाऱ्यांची.

मांडवीची नोंद बाद झाल्यावर खऱ्या जागा उरल्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी फिरले. तिथे काही मिळालं नाही. मग २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, खानदेशातल्या शहाद्याजवळच्या जंगलात, किंग यांना झाडावर उन्हात बसलेला पिंगळा दिसला. डोक्यावर नेहमीच्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नव्हते, शेपटीवर जाड पट्टे होते. तो उडून जाण्याआधी त्याचं चित्रीकरणही झालं. हा पक्षी दिवसाढवळ्या वावरतो, हे तेव्हा कळलं.

मग फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी केलेल्या पाहणीत तोरणमाळबरोबर मेळघाटातही रानपिंगळा सापडला, आणि वऱ्हाड रानपिंगळ्याच्या नकाशावर आलं. पुढे ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातूनही नोंद झाली. नव्या जागा कळत गेल्यामुळे २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ झाला. बातमी चांगली आहे, पण प्रौढ पक्ष्यांचा अंदाज अजून हजाराच्या आतच आहे.

घरट्यासाठी त्याला जुन्या झाडांतल्या ढोल्या लागतात. इंधनासाठी, शेतीसाठी तोड होते तेव्हा अशी पोकळ झाडं कुचकामी समजून आधी पाडली जातात. जादूटोण्यासाठीही घुबडांचा जीव जातो. मेळघाटात झाडतोडीची खूण करताना ढोली असलेलं झाड राखून ठेवणं, हे काम आजच्या आज करण्यासारखं आहे.