आकाशाचा धडा

दुकानदार तेल तोलण्याआधी रिकाम्या डब्याचा धडा करून घेतो. आमच्या लेकीने बेळगावच्या घराच्या गच्चीवर मे महिन्यात तोच उद्योग मांडला. डब्याच्या जागी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा कर्णा, आणि तोलायचा होता आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा १४२० मेगाहर्ट्झवरचा क्षीण संदेश. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट. सादरीकरणाला नऊ दिवस उरलेले आणि आलेखावर नुसती सरळ रेघ. आजी रोज जिन्यातून विचारायची, "एनर केळसाकत्तैतेन?"

अडचण अशी की रिसीव्हर स्वतःच खरखरत असतो. ही खरखर तापमानात, केल्विनमध्ये मोजतात. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. कर्णा आधी निरभ्र आकाशाकडे करायचा. तिथे जेमतेम १० केल्विन. मग जमिनीकडे; ती ३००. रिसीव्हर अगदी निर्दोष असता तर जमिनीची शक्ती आकाशाच्या तीसपट यायला हवी. आमची आली दीडपट! दोन्हींत किती खरखर मिळवली की गुणोत्तर दीड होते, हे लेकीने वहीत सोडवले. ५७० केल्विन.

मी लगेच म्हणालो, ॲम्प्लिफायर बाद आहे, नवा मागव. "पप्पा, थांबा जरा," ती म्हणाली. कर्णा आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये पाच मीटर केबल होती. ॲम्प्लिफायर उन्हात नको, जिन्यात ठेव, हा शहाणपणा माझाच. त्या केबलमध्ये निम्मी शक्ती मुरत होती, वर केबल आपली खरखर मिसळत होती ती वेगळीच. तिने ॲम्प्लिफायर कर्ण्याच्या बुडालाच बसवला. वळवाच्या भीतीने वर श्रीखंडाचा डबा उपडा घातला. पुन्हा आकाश, पुन्हा जमीन. गुणोत्तर तीन, खरखर १३५!

आकाशाचे १० धरून एकूण ५८० वरून १४५, म्हणजे चौथाई. पण तेवढाच क्षीण संदेश पकडायला वेळ मात्र सोळापट कमी लागतो. चार तासांचे काम पंधरा मिनिटांत. हे मला तोवर ठाऊक नव्हते.

१९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेलला आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी अशीच तुलना केली होती. त्यांचा धडा द्रवरूप हेलियमने गार केलेला. सगळा हिशेब करून सुमारे साडेतीन केल्विन उरत होते. कर्ण्यातली कबुतरे हाकलली, त्यांची घाण धुतली, तरी उरलेच. धडा पक्का होता, म्हणून ते चूक समजून खोडता येईना. ते विश्वाच्या बाल्यातले प्रारण निघाले आणि १९७८ चे नोबेल त्यांना मिळाले.

आमच्याकडे चौथ्या दिवशी पहाटे हंस तारकासमूह वर आला आणि रेघेवर उंचवटा उठला. जमीन-आकाशाच्या फरकाशी ताडून पाहिला, तर अंदाजे चाळीस केल्विनचा. लेकीने आजीला उठवून आणले. आजीने चष्मा लावून पडद्याकडे बराच वेळ पाहिले.

"मत्त सप्पळ एल्लैति?"