वहीतले चार पॅच

सकाळी ७:५०
गुरुवार. भोसरी एमआयडीसीची सुट्टी, म्हणजे सर्व्हरला हात लावायचा दिवस. कारखान्यात वॉचमन, मी आणि तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेली आमची नवी सिस्टिम ॲडमिन, एवढेच. मशीनवर फ्रीबीएसडी १३ आहे, पुढच्या गुरुवारी ती १४वर न्यायची. नोव्हेंबर २०२३मध्ये १४ आली ती पोर्ट्स उतरवणारं पोर्टस्नॅप वगळूनच. त्यामुळे पोर्ट्स, म्हणजे सॉफ्टवेअर बांधायच्या कृतींचा तो प्रचंड संग्रह, आता गिटने आणायचा.

८:१०
क्रॉनटॅब उघडला. पहाटे तीनची ओळ.
"सर, पोर्टस्नॅप फेच का नाही? पोर्टस्नॅप क्रॉन का?"
प्रश्न चांगला होता. फेच लगेच सर्व्हर गाठतं. क्रॉन म्हटलं की ते आधी ३६०० सेकंदांच्या आत कितीही वेळ थांबतं आणि मग निघतं, म्हणजे जगभरातल्या मशीन तीनच्या ठोक्याला एकाच दारात गर्दी करत नाहीत. कॉलिन पर्सिव्हलने हे अवजार असं समजूतदारपणे लिहिलं होतं. स्नॅपशॉटवर डिजिटल सही असायची, बदललं असेल तेवढंच उतरायचं आणि सगळं सिस्टिमबरोबरच मिळायचं. नव्या मशीनवर आधी दुसरं काही बसवायची गरज नसे. गिटचं तसं नाही. पोर्ट्स आणायला गिट हवं आणि गिट स्वतः पोर्ट्समध्ये! ही गाठ तयार पॅकेजने सुटते. लटांबर कमी म्हणून आम्ही गिट-लाईट बसवलं.

९:३०
कपाटातून वही काढली. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. माझ्या आधी इथे जे होते त्यांना सगळे काकाच म्हणत. त्यांच्या अक्षरात चार पॅच लिहिलेले: कोणत्या पोर्टमध्ये, कोणत्या फाईलमध्ये, कोणती ओळ. पहिल्या पानावर लाल शाईत 'अपडेटनंतर तपासणे'.

ही वही का लागली, ते सांगायला हवं. पोर्टस्नॅपला तुमचे बदल म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. वरून एखादं पोर्ट बदलून आलं की ते आपल्याकडची त्या पोर्टची डिरेक्टरी काढून नवी ठेवी. आपण आत घातलेला पॅच जाई, आणि तोंडातून चकार शब्द नाही. वरचं पोर्ट बदललं नाही तर मात्र पॅच महिनोन् महिने शाबूत. म्हणून माणूस गाफील राहतो.

मी राहिलो. काकांनी क्रॉनच्या ओळीत एक पर्याय लिहून ठेवला होता, त्याने फक्त सूची ताजी व्हायची, झाडाला, म्हणजे पोर्ट्सच्या संग्रहाला, हात लागायचा नाही. ते गेल्यावर मी शहाणपणा करून तो काढला. एका रात्री छपाईला लागणाऱ्या घोस्टस्क्रिप्टचं पोर्ट नवं आलं. शनिवारी मी ते पुन्हा बांधलं, वही न उघडता. सोमवारी डिलिव्हरी चलनांवरचा मजकूर अर्धा इंच खाली छापला जायला लागला, रकमा चौकटीबाहेर. गेटवर तीन ट्रक दुपारपर्यंत उभे. चूक अवजाराची म्हणता आली असती, मी म्हटलीही. काकांनी फोनवर एवढंच विचारलं, "वही बघितलीस का रे?"

११:१५
जुनं झाड पुसलं नाही, नाव बदलून बाजूला ठेवलं. डिरेक्टरी रिकामी नसेल तर गिट क्लोन करतच नाही, आणि उतरवलेल्या मूळ फाईलींचं डिस्टफाईल्सही तिथेच असतं. ते हलवून घेतलं. मग क्लोन. वरवरचा करता आला असता, पण मला इतिहास हवा होता.

१:१०
डबे उघडले तरी क्लोन चालूच. झाल्यावर तिने लॉगचा तळ गाठला: ऑगस्ट १९९४, जॉर्डन हबर्ड. सीव्हीएसमधून २०१२ साली सबव्हर्जनमध्ये, तिथून २०२१ साली गिटमध्ये, दोन घरं बदलून नोंदी इथवर पोचल्या आहेत. "सर, तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते." मी पोळी चावत राहिलो.

२:००
शाखा निवडायची. पोर्टस्नॅप फक्त सगळ्यात ताजं झाड देई, तर आमची तयार पॅकेजं तिमाही शाखेतून येतात. दोन्ही मिसळली की लायब्ररींच्या आवृत्त्यांची भांडणं. आता दोन्हीकडे तीच तिमाही. तिच्यावर आमची स्वतःची शाखा काढली, नाव 'घरचे'. दर तीन महिन्यांनी ती नव्या तिमाहीवर रिबेस करायची. वरच्या बदलाशी पॅच भिडला तर गिट तिथेच अडतं आणि ओरडतं. मला एवढंच हवं होतं.

३:२०
एकेक पॅच, एकेक कमिट. ओळी वहीत होत्या, पण कमिटच्या संदेशात कारण लिहायचं तर तिसऱ्याचं कारणच कुठे नव्हतं. काका हल्ली साताऱ्याला असतात.
"काका, तिसरा पॅच कशासाठी होता हो?"
"तो? अरे, टाकून दे. ज्या प्रिंटरसाठी केला तो मीच भंगारात काढला होता."
म्हणजे इतकी वर्षं आम्ही भंगारातल्या प्रिंटरसाठी पॅच चढवत होतो. तीनच कमिट झाले.

५:००
मेक सर्च चालेना, सूचीची फाईल हवी म्हणून अडलं. पोर्टस्नॅप ती गुपचूप बनवून ठेवायचं, गिट ठेवत नाही. मेक फेचइंडेक्स. काम झालं.

५:४०
घोस्टस्क्रिप्ट बांधून एक चलन छापलं. रक्कम चौकटीत.

६:१५
क्रॉनची ओळ काढली. तिच्या जागी गिट पुल घातलं नाही, ते हातानेच करायचं. पोर्टस्नॅपचा साठा पुसला. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहिलं, 'पोर्टस्नॅप बंद. पुढचं घरचे शाखेत पाहणे.' खाली दोघांनी सह्या केल्या आणि वही परत कपाटात ठेवली.